भरती यायची वेळ

हॉटेलात त्याला सगळे भरतीबुवा म्हणत. नाव कुणी चिडवायला ठेवलं नव्हतं, कौतुकानेच ठेवलं होतं, आणि त्यानेही ते कौतुक म्हणूनच घेतलं. नोकरी वॉचमनची. पण मोठ्या दारावरची नाही, जिथे लांबलचक गाड्या थांबतात आणि पाहुण्यांना सलाम ठोकावा लागतो. ती जागा उंच आणि देखण्या माणसांची. याची खुर्ची हॉटेलच्या अगदी कडेला, एका बोळाच्या तोंडाशी. बोळाच्या एका अंगाला हॉटेलची उंच भिंत, दुसऱ्या अंगाला तारेचं कुंपण आणि पलीकडे पडीक जमीन. बोळाच्या शेवटी एक निळा तुकडा दिसायचा. तो समुद्र.

आता खरं सांगायचं तर हा बोळ हॉटेलचा नव्हता आणि पुढचा किनाराही हॉटेलचा नव्हता. बांधकामाला परवानगी देतानाच नगरपालिकेने अट घातली होती, की लोकांना किनाऱ्यावर जायला वाट ठेवायची आणि तशी पाटी लावायची. हॉटेलने वाट ठेवली. पाटीही लावली. मग पाटीच्या बुडाशी बोगनवेल लावली आणि माळ्याला सांगितलं, इथे कात्री चालवायची नाही. दोन-तीन वर्षांत पाटी फुलांत बुडून गेली. सापही मेला आणि काठीही मोडली नाही.

राहता राहिली माणसं. सज्जात बसून समुद्र बघणाऱ्या पाहुण्याला समोर कुणाची तरी पोरं चड्डीवर पळताना दिसली, की त्याच्या सुट्टीचा बेरंग होतो, असं मॅनेजरसाहेबांचं मत होतं. पण कुणाला अडवायचं नाही, असंही त्यांनीच बजावलं होतं. अडवलं की तक्रार होते, तक्रार झाली की पेपरवाले येतात. म्हणजे अडवायचं नाही आणि जाऊही द्यायचं नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. याच्या आधीचे दोन वॉचमन याच पेचात नोकरीला मुकले होते. एकाने लोकांवर काठी उगारली, दुसऱ्याने सरसकट सगळ्यांना सोडलं.

भरतीबुवाने पहिल्या आठवड्यातच तोड काढली. कुणी आलं की तो खुर्चीवरून उठायचा, टोपी नीट करायचा आणि अदबीने म्हणायचा, "जा की. पण भरती यायची वेळ झालीय." बस्स, एवढंच. यात खोटं कुठे आहे दाखवा. भरती यायची वेळ कधी ना कधी होतेच. सकाळी म्हणा, दुपारी म्हणा, थोडंफार खरं निघतंच. वर आवाजात एवढी माया, की बायका पोरांची मनगटं घट्ट धरायच्या आणि नवरे "बरं झालं सांगितलंत" म्हणून आभार मानायचे. गळ टाकायला येणारे दोघे-चौघे तेवढे हसून सरळ पुढे जायचे. त्यांनाही तो टोपीला हात लावायचा. अडवायचं नाही ना!

स्वतः तो त्या बोळातून एकदाच गेला होता, पहिल्या दिवशी, सुपरवायझरने जागा दाखवायला नेलं तेव्हा. नंतर कधी नाही. ड्यूटीवर खुर्ची सोडायची नाही हा नियम, आणि ड्यूटी सुटली की बस गाठायची घाई. शिवाय रोज निळा तुकडा दिसतोच आहे, तर उठून जवळ कशाला जायचं?

घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, बस डेपोच्या मागे. दोन खोल्या, दुसरा मजला. खिडकीशी बायकोचं शिलाई मशीन. ती लोकांचे पडदे आखूड करून द्यायची, पँटच्या चेन बदलायची, कुणाला मापात बसेनासा झालेला कपडा उसवून मोठा करून द्यायची. माणसं जाड होत जातात तोवर आपल्याला मरण नाही, असं ती म्हणायची. नवरा हॉटेलात वॉचमन आहे एवढंच तिला माहीत होतं. कुठल्या दारावर हे तिने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. शेजारीपाजारी समजायचे, मोठ्या दारावर असणार. समजेनात का.

एकदा त्याची पाठ धरली, तेव्हा तिने एका गिऱ्हाइकाच्या पडद्याच्या उरलेल्या कापडाची उशी शिवून दिली. हिरवं कापड, त्यावर पिवळे पक्षी, मधोमध एक मोठं तपकिरी बटण. "खुर्चीवर पाठीशी घ्या," ती म्हणाली. त्याने नेली. पाठ दुखायची राहिली.

आता सासूबाईंचं सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथेच अडकलेली आहे. भरतीबुवाची लेक लहान असताना त्या काही दिवस राहायला आल्या होत्या. त्यांचं गाव कोरडं, आत कुठेतरी. तिथली नदीसुद्धा वर्षातला बराच काळ नुसती नावापुरती. गुडघे गेलेले, काठीशिवाय चालणं नाही. पण बाई हौशी. कधी कुणाकडे काही मागितलं नाही, एवढंच म्हणाल्या, "इथवर आलेय तर समुद्र बघते. वाळूत जरा पाय बुडवून येते." बायकोने त्याला विचारलं, तुमच्या हॉटेलापाशी छान किनारा आहे म्हणतात, नेऊ या का आईला?

तो जेवता जेवता म्हणाला, "ती जागा हॉटेलची आहे. आपल्यासारख्यांना सोडत नाहीत. आणि वाट केवढी लांब, सगळी खडकांतून. त्यांच्या गुडघ्यांना झेपायची नाही. वर सारखी भरती." एक कारण पुरलं असतं. पण खोटं बोलणाऱ्याचं एकावर कधी भागत नाही.

सासूबाईंवर त्याचा राग होता अशातला भाग नाही. उलट त्या त्याला आवडायच्या. त्याच्या विनोदांना हसणारं घरात तेवढंच एक माणूस होतं. पण आपलं माणूस बोळातून गेलं की उद्या हॉटेलचा धोबी बायकोला आणेल, परवा आचारी आईला आणेल, आणि मग आपण खुर्चीवर कशासाठी बसायचं, असं त्याला वाटलं. तसं त्याला कुणी बजावलं नव्हतं. बजावावंच लागलं नाही.

मग त्यांना बोटींच्या धक्क्यावर नेलं. पाण्यावर तेलाचा तवंग, दोरखंड, खोकी, माणसांची आरडाओरड. सासूबाई कठड्याला धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. "पाणी बरंच आहे," म्हणाल्या. पाय बुडवायला जागा नव्हती. त्या गावी परतल्या आणि वर्ष सरायच्या आत गेल्या. बायको पुढे एकदाच म्हणाली, "तेवढं एक राहिलं आईचं." त्याने ऐकलं, आणि चहा पीत राहिला.

यथावकाश तो रिटायर झाला. निरोपाच्या दिवशी हॉटेलने त्याला एक छत्री दिली. पाहुण्यांसाठी असते तशी, चौघं मावतील एवढी, वर हॉटेलचा शिक्का. खुर्ची माळ्याला मिळाली. माळ्याची कंबर गेली होती, वाकून काम होईना. हा तोच माळी, ज्याने बोगनवेल वाढवली होती. भरतीबुवाने त्याला आपलं वाक्य शिकवलं, आवाज कुठे खाली आणायचा तेही शिकवलं. घरी येताना उशी न्यायची विसरला.

मध्ये काही महिने गेले. एके दिवशी लेक आणि जावई जेवायला आले. जावई बोलका. विषय निघाला सुट्टीत कुठे जायचं याचा, आणि तो म्हणाला, "लांब कशाला जायचं? बाबांच्या हॉटेलशेजारी काय सुंदर किनारा आहे! कॉलेजात असताना आम्ही मित्र गेलो होतो. बोळाच्या तोंडाशी एक वॉचमन बसलेला. इतक्या प्रेमाने म्हणाला, जा की, पण भरती यायची वेळ झालीय! आम्ही शूरवीर आल्या पावली परत. नंतर कळलं, जागा सगळ्यांसाठी खुली आहे. त्या बाबाने आम्हाला गोड बोलून गंडवलं."

लेक खो खो हसली. "कोण होता हो तो, बाबा?"

"असेल कुणीतरी," भरतीबुवा म्हणाला. "माणसं बदलत असतात." वॉचमनच्या टोपीखालचा चेहरा कुणी बघत नाही, याचं त्याला त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं.

बायको वाढत होती. तिने वाढायचं थांबवलं नाही. फक्त विचारलं, "वाट लांब आहे का हो फार? खडकबिडक?"

"छे हो आई! पुढे एकदा खुर्ची रिकामी बघून आम्ही गेलोच की. दोन मिनिटांचा बोळ आहे. सपाट, सिमेंटचा."

"असं का," ती म्हणाली, आणि त्याला आणखी वाढलं.

लेक-जावई गेल्यावर ती मशीनवर जाऊन बसली. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. भांडणात माणसाला काहीतरी बोलता तरी येतं. ती एका पँटची चेन उसवत राहिली आणि मान वर न करता म्हणाली, "रविवारी जाऊ या तिथे."

"कुठे?"

कुठे ते दोघांनाही माहीत होतं.

"अगं, भरती असते तिथे."

"असू दे. भरती बघायलाच जातात लोक."

चोराच्या मनात चांदणं. हिला सगळं कळलंय की नुसती शंका आहे, याचा त्याला दोन दिवस अंदाज येईना. मग त्याला युक्ती सुचली, आणि युक्ती सुचली म्हणून तो खूशही झाला. बोळाच्या तोंडाशी आपल्यालाच परत फिरवलं, तर आपलं जुनं बोलणं खरं ठरतं. तेव्हाही सोडत नव्हते, आताही सोडत नाहीत. जावई काय, पोरसवदा माणूस, बोलतो काहीही. तो बसने गेला आणि माळ्याला गाठलं.

"तुला अडवू?" माळी म्हणाला. "आणि वहिनींना? डोकं फिरलंय का तुझं?"

"अडवू नको रे. नेहमीचंच म्हण. जरा जोर देऊन म्हण, एवढंच."

"आणि तरीही त्या पुढे गेल्या तर?"

"कोण जातंय पुढे?" भरतीबुवा म्हणाला. त्याचा आपल्या वाक्यावर एवढा विश्वास होता.

रविवारी बायकोने कपाटातले ठेवणीतले कपडे घातले. पायात मात्र साध्या चपला, पटकन काढता येतील अशा. पिशवीत एक टॉवेल. त्याने छत्री घेतली. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि वाटेत लोकांच्या खिडक्यांचे पडदे बघत राहिली; कुठला आपल्या हातचा, ते तिला लांबून कळायचं.

माळी त्यांना बघून उठला. टोपी नीट केली. "वहिनी, जायचं तर जा," तो म्हणाला, "पण भरती यायची वेळ झालीय. फार जोराची. काल एक माणूस वाहून जाता जाता वाचला. चांगला धडधाकट माणूस होता." भरतीबुवाला वाटलं, गाढवाने नको तेवढं केलं. एवढं कुणी सांगितलं होतं?

पण बायको माळ्याकडे बघतच नव्हती. ती खुर्चीकडे बघत होती. खुर्चीवर हिरवी उशी होती. पिवळे पक्षी उन्हाने पांढुरके झाले होते, तपकिरी बटण तेवढं जागेवर होतं.

ती पुढे झाली, उशी उचलली, उलटीपालटी केली. बरीच वर्षं पाठ टेकून एक बाजू चेपली होती. "इथे असायची होय ही," ती म्हणाली. मग कडेने बोट फिरवलं. "शिवण उसवलीय." उशी जागच्या जागी ठेवली, नीट केली, आणि बोळात शिरली.

माळ्याने भरतीबुवाकडे बघितलं. भरतीबुवाने खाली बघितलं. इतकं सोपं होतं ते. वाक्य ऐकायचं आणि चालू लागायचं.

बोळ जावयाने सांगितला तसाच होता. सपाट, सिमेंटचा. लेक लहान असताना घरातून कोपऱ्यावरच्या दुकानात साखर आणायला एकटी जायची, साधारण तेवढाच. पुढे वाळू. एका बाजूला हॉटेलच्या पांढऱ्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या, मध्ये एक दोरी, आणि दोरीच्या अलीकडे रिकामा किनारा. वाळू दोन्हीकडे एकच. खुर्च्यांवरचे पाहुणे डोळ्यांवर टोपी घेऊन पडले होते. या दोघांकडे कुणी मान वळवून बघितलंही नाही. कुणाच्या सुट्टीचा बेरंग झालेला दिसला नाही.

तिने चपला काढल्या. वाळूतून चालत गेली आणि घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिली. लाट आली, गेली, पायाखालची वाळू सरकली तशी ती जराशी डगमगली आणि हसली. तो मागे उभा होता. काय करावं ते न सुचून त्याने छत्री उघडली आणि तिच्या डोक्यावर धरली. ती दोन पावलं बाजूला उन्हात सरकली.

मग तिने मागे वळून बघितलं. बोळ दिसत होता, बोळाच्या तोंडाशी बोगनवेल दिसत होती, तिच्याजवळ खुर्ची. खुर्चीवरचा हिरवा ठिपकासुद्धा दिसत होता.

"आई एवढं चालली असती," ती म्हणाली.

त्याला लाज वाटली. इतकी वर्षं जी वाटायला हवी होती ती सगळी एकदम वाटली. "नोकरी होती गं," तो म्हणाला.

"माहीत आहे. त्याच नोकरीवर जेवलो आपण. मी कुठे काय म्हणतेय?"

"मग?"

"काही नाही. जवळ आहे, एवढंच म्हणतेय." तिने पुन्हा पाण्याकडे तोंड केलं. "तुम्ही जरा तिकडे जाऊन बसा. मला एकटीला बघू दे."

तो छत्री मिटून परत निघाला. माळ्याने त्याचा चेहरा बघितला. "बस जरा, मी चहा पिऊन येतो," म्हणून तो सटकला. भरतीबुवा खुर्चीवर बसला. उशी पाठीला बरोबर जिथल्या तिथे लागली. त्याने ठरवलं, ती आली की सगळं सांगायचं. कसं सांगायचं ते मात्र जुळेना. माफ कर म्हणायचं तर कोणाला? ज्यांना म्हणायचं त्या कधीच गेल्या.

तेवढ्यात तिघं जण आले. नवरा, बायको, आणि दोघांच्या मध्ये काठी टेकत एक म्हातारी. बाईने विचारलं, "काका, इकडून समुद्रावर जाता येतं का हो?"

तो उठला. हात कपाळाकडे गेला. टोपी नव्हती, तरी नीट केली. "जा की," तो म्हणाला.

इथे थांबायचं होतं. त्याला थांबायचंच होतं. पण जित्याची खोड. "पण भरती यायची वेळ झालीय," तो म्हणाला, आणि आवाज जिथे खाली यायला हवा बरोबर तिथे आला.

"अगं बाई! बरं झालं सांगितलंत," ती बाई म्हणाली. नवऱ्याने हात जोडले. म्हातारीने बोळाच्या शेवटच्या निळ्या तुकड्याकडे एकदा बघितलं, आणि आभार मानून तीही वळली.

त्याने हाक मारायला तोंड उघडलं. हाक आली ती मागून.

"अहो, थांबा!"

त्याची बायको होती. ओल्या पायांची, चपला हातात. ती त्यालाच बोलवायला आली होती, असं तिने पुढे कधीतरी सांगितलं. एकटीला करमेना म्हणून. तिने ऐकलं होतं. ती त्याच्या अंगावरून पुढे गेली आणि तिने म्हातारीचा हात धरला.

"चला आजी, माझ्याबरोबर चला. जवळ आहे. वाट सपाट आहे."

"पण हे म्हणतायत, भरती..."

"ते म्हणतात. तुम्ही चला."

म्हातारी चालू लागली. एक पाऊल, मग काठी, मग दुसरं पाऊल. त्याच्याजवळून जाताना ती थांबली. तिला त्याची दया आली असावी, किंवा असा काळजी करणारा माणूस हिरमुसला म्हणून वाईट वाटलं असावं.

"बाबा रे," ती म्हणाली, "भरती आलीच तर हाक मार हं आम्हाला. मला पळता येत नाही."

"मारतो आजी," तो म्हणाला.

ती माणसं बोळातून हळूहळू पुढे गेली. बायकोने मागे वळून बघितलं नाही. तो खुर्चीवर बसला नाही. छत्री हातात धरून बोळाच्या तोंडाशी उभा राहिला आणि पाण्यावर लक्ष ठेवू लागला, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. पाणी पुढे येत होतं की मागे जात होतं, ते काही त्याला कळेना.